आठव्या आठवड्यातले सदतीस

१

"मी अभ्यासक्रम सोडलेला नाही," खिडकीपलीकडची बाई म्हणाली. "तुमचा संगणक म्हणतो सोडला. आमच्या दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि मी तर इथे उभी आहे."

मला हसू आलं, म्हणून मी तिला आत बोलावलं. एरवी खिडकीवरची भांडणं मी खिडकीवरच मिटवते. आमच्या खोलीचं नाव निष्पत्ती कक्ष. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशी गत. दोन कपाटं, एक टेबल आणि कुरकुरणारा पंखा. सरकारी महाविद्यालयांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना जे नाव घालतात त्यांचं शेवटी काय होतं, याची मोजदाद इथे होते. पास, नापास, सोडला. तीन रकाने. माणसाचं काहीही होवो, त्याला या तीनपैकी एकात बसावं लागतं. हे काम मी दहा वर्षं करते आहे, त्याआधी वीस वर्षं परीक्षा विभागात होते. मला सगळे आकडेमावशी म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात.

ती हॉस्पिटलात वॉर्डातली मदतनीस होती. अंगावर ड्यूटीचाच गणवेश, त्याला फिनाईलचा वास. हातात लांब पानांची जाड वही.

"अकरा वर्षं हंगामी आहे," ती म्हणाली. "हा 'नोंदी आणि सांख्यिकी' पास झाला की कायम करतात. यादी या महिनाअखेरीला लागते."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही लागेल. पण पंचेचाळिशीनंतर घेत नाहीत आणि मला त्रेचाळीस पूर्ण झालीत. मागच्या वर्षी नापास झाले होते एकदा. ते कबूल आहे. यंदा मात्र बाराच्या बारा स्वाध्याय केलेत." तिने वही उघडून दाखवली. निळ्या शाईत, पट्टीने आखलेले तक्ते. "पाचव्या आठवड्यात माझा फोन बिघडला. भाची याच अभ्यासक्रमाला आहे. तिच्या फोनवर धडे ऐकायचे आणि वहीत लिहायचे. बारावा आठवडा संपेपर्यंत उत्तरं कधीही चढवता येतात, असं तुमच्याच पुस्तिकेत छापलंय."

छापलंय खरं. ती पुस्तिका मीच लिहिली होती.

"अकराव्या आठवड्यात फोन दुरुस्त झाला. चढवायला गेले तर म्हणे, आपण हा अभ्यासक्रम सोडला आहे."

मी तिची नोंद उघडली. स्वेच्छेने सोडला. आठवा आठवडा, मंगळवार, दुपारी एक वाजून बावीस मिनिटं. तिच्याच खात्यातून फॉर्म भरलेला. खाली कारण लिहिलेलं: कामाच्या पाळ्या बदलल्या.

"तुमच्या पाळ्या बदलल्या होत्या का हो?"

तिचा चेहरा उतरला. "बदलल्या होत्या. पण हे तुमच्या संगणकाला कुणी सांगितलं?"

मी त्या आठवड्यात अभ्यासक्रम सोडलेल्यांची यादी काढली. दरवर्षी चार-पाच नावं असतात. या वेळी सदतीस होती.

२

इथे एक नियम सांगायला हवा, कारण सगळी गोम त्यात आहे. नवव्या आठवड्यातल्या शुक्रवारला आम्ही गणती-दिवस म्हणतो. त्या दिवशी जो पटावर असेल त्याचा निकाल मोजला जातो. त्याआधी जो सोडून गेला तो पासातही नाही आणि नापासातही नाही. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. नापासाचं तसं नाही. दोनदा नापास झालेल्याला तीन वर्षं कुठल्याही सरकारी महाविद्यालयाचं दार बंद.

या अभ्यासक्रमाला दोनशे चौदा जण होते. त्यातले सदतीस आठव्या आठवड्यात गळले, उरले एकशे सत्त्याहत्तर. पास झाले एकशे बेचाळीस. म्हणजे ऐंशी टक्के. गळती झाली नसती तर सहासष्ट. हा फरक कुणाच्या फायद्याचा, हे शेंबडं पोरही सांगेल.

उपप्राचार्यांना आम्ही उपसाहेब म्हणतो. त्यांच्या टेबलावर ऐंशीचा आकडा मोठ्या अक्षरात छापून ठेवलेला होता.

"मावशी, तांत्रिक बिघाड लिहा आणि त्या बाईंना पुढच्या वर्षी बसायला सांगा," ते म्हणाले. "एका तक्रारीसाठी एवढा पसारा कशाला?"

"तक्रार एक आहे साहेब, नोंदी सदतीस आहेत. यंत्र बिघडलं तर ते कारणं लिहीत बसत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "अहवाल वर गेलाय. कौतुकाचं पत्रसुद्धा आलंय. आता निकाल खाली आला तर कुणाचं डोकं उडेल?"

"ज्याने खोटं लिहिलं त्याचं."

"नाही हो मावशी," ते शांतपणे म्हणाले. "ज्याने शोधून काढलं त्याचं."

पण तक्रार लेखी होती, त्यावर आवक क्रमांक पडला होता. त्यांनी मला चार दिवस दिले. बाहेर पडताना मी पक्कं ठरवलं होतं, की हे काम याच माणसाने करवून घेतलंय. फक्त कुणाच्या हातून, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

३

संगणक सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे केबल म्हणतात, कारण त्याच्या गळ्यात कुठली ना कुठली तरी केबल लोंबकळत असते. त्याने नोंदी पाहिल्या आणि मान हलवली.

"बाहेरून कुणी घुसलेलं नाही. सगळे फॉर्म आपल्याच कचेरीतून भरलेत. सोमवार ते गुरुवार, दुपारी एक ते दोन."

"कुठल्या टेबलावरून?"

"ते नाही सांगता येत. कचेरीला जोडणी एकच आहे."

"विद्यार्थ्याच्या खात्यात आपल्यातलं कुणी कसं शिरेल?"

"पासवर्ड बदलून. विसरलेल्यांना आपण इथून नवा देतोच की. तो अधिकार तिघांना आहे. मला, व्हिडिओसरांना आणि फोनताईंना." मग त्याला उमगलं आणि त्याची पाचावर धारण बसली. "मावशी, मी एक ते दोन जेवायला घरी जातो. आईला विचारा हवं तर!"

आईला विचारायची गरज नव्हती. दारावरच्या हजेरीयंत्रात त्याचं जाणं-येणं रोज नोंदलेलं होतं. त्या चारही दिवशी तो बाहेर होता.

म्हणजे उरले दोघे. व्हिडिओसर हा अभ्यासक्रम शिकवतात. शिकवतात म्हणजे, सहा वर्षांपूर्वी त्यांनी धडे चित्रित केले आणि तेव्हापासून तेच चालू आहेत. त्या धड्यांत सरांना दाट केस आहेत. प्रत्यक्षात भेटलेला विद्यार्थी त्यांना ओळखत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्यांचा करार दर दोन वर्षांनी निकाल बघून वाढवतात आणि हे दुसरं वर्ष होतं.

"माझ्यावर संशय आहे तर सरळ बोला," ते कपाटात काहीतरी शोधत असल्यासारखं करत म्हणाले.

"आहे. एक ते दोन तुम्ही इथेच होता."

"होतो. शंकांना उत्तरं देत होतो."

"किती शंका आल्या?"

सर खुर्चीत बसले. "एकही नाही. चार दिवस रोज एक तास पडद्यासमोर बसून होतो. दोनशे माणसांतल्या एकालाही मला काही विचारायचं नव्हतं." मग ते म्हणाले, "मावशी, मला त्यातल्या कुणाचं नावसुद्धा माहीत नाही. मी कुणाकुणाला काढणार? कुणाला ठेवणार?"

मी हे पळवाट म्हणून सोडून दिलं. दोन तासांनी, यादी पुन्हा वाचताना, त्यांचा प्रश्न मला नीट ऐकू आला. कुणाला ठेवणार?

४

बरेच दिवस खातं न उघडलेल्यांना आम्ही मुके म्हणतो. आठव्या आठवड्यात असे मुके एकोणसाठ होते. निकाल फुगवायचा होता तर सगळे एकोणसाठ काढायला हवे होते. काढले सदतीसच. बावीस जण तसेच ठेवले आणि ते अपेक्षेप्रमाणे नापास झाले. अर्ध्यावर हात आखडणारा लबाड मी अजून पाहिलेला नाही.

मी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. वय, गाव, नोकरी, कशातच मेळ बसेना. शेवटी मागच्या वर्षीचा निकाल समोर ठेवला आणि माझा हात थांबला. ठेवलेल्या बावीस जणांतला एकही पूर्वी नापास झालेला नव्हता. काढलेले सदतीसच्या सदतीस एकदा नापास झालेले होते.

म्हणजे टक्केवारीशी या माणसाला काही घेणंदेणं नव्हतं. ज्यांना दुसरं नापास पडलं असतं तेवढेच त्याने वेचून बाहेर काढले होते. दार बंद व्हायच्या आधी. उपसाहेबांना फायदा झाला हे खरं, पण तो आयता. चोर म्हणून मी ज्याच्या मागे लागले होते त्याने कुणाचं काही चोरलंच नव्हतं.

मग मी कारणं वाचली. फॉर्ममध्ये 'वैयक्तिक' हा पर्याय सगळ्यात वर असतो, एक बोट लावलं की झालं. खोटा फॉर्म भरणारा तेच करेल. इथे सदतीस कारणं सदतीस तऱ्हेची होती. आईचं ऑपरेशन. दुकान बंद पडलं. सातवा महिना, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. भाऊ बोलत नाही, त्यामुळे मन लागत नाही.

सातव्या महिन्यावाल्या मुलीला मी फोन लावला. मागे तान्हं बाळ रडत होतं.

"अभ्यासक्रम तुम्ही स्वतः सोडलात का?"

"सोडला म्हणजे काय, आपोआपच सुटला," ती म्हणाली. "फॉर्म-बिर्म मी काही भरला नाही. पण तुम्हाला सातव्या महिन्याचं कसं कळलं? मी घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं."

"कुणालाच?"

"नाही. हां, एका ताईंना सांगितलं होतं. त्या दर आठवड्याला विचारायच्या, कशी आहेस म्हणून."

५

तरीही मी आणखी एक दिवस घेतला. खरं सांगायचं तर मला तिचं नाव नको होतं. पाच वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खात होतो. मुक्यांना फोन करून परत बोलावणं हे फोनताईचं काम. नोकरी करणारे विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीतच फोन उचलतात, म्हणून ती स्वतः माझ्याबरोबर तीन वाजता जेवायची आणि एक ते दोन फोन करायची. हे मला रोज दिसत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मी मदतनीस बाईला पुन्हा बोलावलं आणि विचारलं, "अकराव्या आठवड्यात तुम्ही खातं उघडलंत, तेव्हा जुना पासवर्ड चालला?"

"नाही ना! नवा मागावा लागला. तुमच्याच नंबरवर फोन केला. एक ताई होत्या, किती गोड बोलल्या. 'आलात का परत, छान झालं,' म्हणाल्या. मग मी माझा नोंदणी क्रमांक सांगितला आणि त्या एकदम गप्पच झाल्या. नवा पासवर्ड सांगितला आणि फोन ठेवला. त्यानंतर मी नऊ वेळा फोन केला, कुणी उचललाच नाही."

मी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि आतल्या खोलीत गेले. फोनताई कानाला फोन लावून कुणाला तरी हसवत होती. माझ्या हातातली यादी पाहिली आणि तिने फोन खाली ठेवला.

"बसा मावशी," ती म्हणाली. "तीन दिवस झाले, तुमची वाट बघतेय."

६

तिने काही नाकारलं नाही.

"ही माणसं परत येणार नव्हती," ती म्हणाली. "पाच वर्षं हेच ऐकतेय मी. आवाजावरून कळतं. जे भांडतात ते परत येतात. जे 'बघते', 'बघतो' म्हणतात ते कधी येत नाहीत. मागच्या वर्षी सत्तावीस जणांना मी स्वतः फोन करून सांगितलं, तुम्ही दुसऱ्यांदा नापास आहात, तीन वर्षं यायचं नाही. एक जण म्हणाला, ताई, सोडायचा फॉर्म असतो हे कुणी आधी सांगितलं असतं तर! मी सांगितलं होतं हो. पण ज्याच्या घरात आजारपण आहे तो फॉर्म कुठे भरत बसेल? म्हणून या वेळी मीच भरले."

"आणि बाहेर बसलीय तिचा?"

फोनताईने डोळे मिटून घेतले. "चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, पाळ्या बदलल्यात, बघते कसं जमतंय. त्यानंतर फोन बंद. तीन आठवडे बंद. मी म्हटलं, गेली. मावशी, वहीत लिहून ठेवणारं माणूस आपल्या पडद्यावर दिसतं का हो कधी?"

दिसत नाही. आम्ही फक्त खातं उघडलं की नाही तेवढंच मोजतो. कोण शिकतंय हे मोजायचा रकानाच आमच्याकडे नाही. तिच्या चुकीत हा वाटा माझाही होता, आणि ते मला झोंबलं.

"अकराव्या आठवड्यात कळलं तेव्हा तोंड का उघडलं नाहीस? तेव्हा अजून मुदत होती. तिची उत्तरं चढली असती."

"उघडणार होते. मग वाटलं, एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या छत्तीस उघडतील. ते छत्तीस नापास होतील. तिला निदान पुढच्या वर्षी परत बसता येतं. त्यांना तेही नाही." तिने टेबलावरचा फोन दूर सरकवला. "तिचा नंबर दिसला की मी फोन पालथा ठेवायचे. नऊ वेळा ठेवला."

मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे. मी यातलं काहीच केलं नाही.

"मावशी, झाकली मूठ राहू द्या. तिला मी सांभाळते. पुढच्या वर्षी रोज तिच्या घरी जाऊन उत्तरं चढवून घेईन."

"आणि या वर्षीचं तिचं कायम होणं? ते कोण भरून देणार?"

"मग तिच्या एकटीचीच नोंद चुकली असं लिहा."

"कशी चुकली, ते विचारणार नाहीत?"

तो धागा ओढला की सगळी शिवण उसवणार, हे तिलाही दिसत होतं.

बाहेर बाकावर ती बाई वही मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिचं न्याय्य ते तिला मिळायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण आणखीही एक होतं, ते आज लिहिते. तीस वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिलेला नव्हता आणि मला त्याचा फार अभिमान होता. मी बाहेर गेले आणि तिला म्हटलं, "तुमचं काम होईल. वहीच्या पानांच्या प्रती काढून द्या."

तिने माझा हात धरला. तिचे तळवे औषधी साबणाने सोलवटलेले होते.

उपसाहेबांनी अहवाल वाचला, तीनदा सुस्कारा टाकला आणि सही केली. सही करताना म्हणाले, "मावशी, सुक्याबरोबर ओलंही जळतं. बघा बुवा."

"माझ्या तक्त्यात नाही जळत," मी म्हटलं.

७

उत्तर एकोणीस दिवसांनी आलं. महिना संपायला दोन दिवस होते.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. सदतीसही विद्यार्थ्यांच्या सोडल्याच्या नोंदी रद्द करण्यात येत आहेत. संबंधित सर्व विद्यार्थी गणती-दिवशी पटावर होते असे समजावे. ज्यांचे काम मुदतीत सादर झालेले नाही त्यांचा निकाल नियमाप्रमाणे लावावा.

सर्व. म्हणजे तीही. तिचं काम मुदतीत सादर झालेलं नव्हतं, कारण आम्हीच दार लावलं होतं. पण पत्रात दाराचा उल्लेख नव्हता.

मी वर फोन केला. पलीकडचा अधिकारी तसा सभ्य होता. "तक्त्यात सदतीस आहेत ना? सदतीस जणांचा निर्णय दिला."

"तिचं प्रकरण वेगळं आहे. बारा स्वाध्यायांच्या प्रती जोडल्यात. परिशिष्टात सगळं लिहिलंय."

"बाई, परिशिष्ट कोण वाचतं?"

हे मला ठाऊक होतं. मीच नव्या लोकांना शिकवते, की जे तक्त्यात नाही ते वर पोचत नाही. तरी तिला मी त्या सदतिसांतच मोजलं होतं, कारण तशी बेरीज बरोबर येत होती. सदतिसावी ओळ वेगळी काढून छत्तीस अधिक एक असं लिहिलं असतं तर कदाचित कुणाची नजर तिथे अडली असती. माझ्या नीटनेटकेपणाने घात केला. फेरविचाराचा अर्ज मी त्याच दिवशी पाठवला. असे अर्ज बघणाऱ्या समितीची पुढची बैठक सात महिन्यांनी आहे आणि तिच्या विषयपत्रिकेवर नोंदींची दुरुस्ती हा विषय नाही.

फोनताईला त्याच संध्याकाळी काढलं. तिने टेबल आवरलं, माझ्याकडे न बघता केबलला म्हणाली, "खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, ठोकून घ्या," आणि गेली. व्हिडिओसरांचा करार वाढला नाही. उपसाहेबांनी सहासष्ट टक्के ही पारदर्शकतेची नवी सुरुवात आहे असं भाषण केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकडा आता अगदी बरोबर होता. मी तो चार वेळा तपासला.

निकाल फोनवरून कळवायचा असा नियम आहे. फोनताई नव्हती, म्हणून तिच्या खुर्चीत मी बसले. छत्तीस जणांना सांगून झालं. कुणी 'बरं' म्हणालं, कुणी हसलं. दुकानवाल्याने विचारलं, "त्या ताई कुठे गेल्या?" सातव्या महिन्यावाली मुलगी म्हणाली, "पण मी तर पुढच्या वर्षी येणार होते," आणि मग बराच वेळ बाळाशीच बोलत राहिली.

मदतनीस बाईचा नंबर मी शेवटी ठेवला होता. सरळ भित्रेपणा, दुसरं काही नाही.

"मावशी!" पहिल्याच घंटीला तिने उचलला. "वाटच बघत होते. झाली का दुरुस्ती?"

"झाली."

"म्हणजे मी सोडला नव्हता, असं आता तुमच्या संगणकात आहे?"

"आहे."

"बघा! मी म्हणत होते की नाही?" ती मोकळेपणाने हसली. "मग निकाल कधी?"

मी सांगितला. पत्र वाचून दाखवलं, मुदतीचं सांगितलं, परिशिष्टाचं, समितीचं, सगळं. मधे मी दोनदा माफी मागितली. तिने ती ऐकली की नाही, ठाऊक नाही. पलीकडून वॉर्डातली ढकलगाडी गेल्याचा खडखडाट आला. कुणीतरी तिला हाक मारली. "आले," ती म्हणाली, पण हलली नाही.

"म्हणजे दुसऱ्यांदा नापास."

"हो."

"तीन वर्षांनी मी सेहेचाळीस होणार."

"हो."

ती कसला तरी हिशेब करत असावी.

"मावशी, ते आधीचं होतं ना, मी सोडला असं लिहिलेलं... ते परत नाही का लावता येणार?"

"अहो, ते खोटं होतं."

"असू दे ना," ती म्हणाली. "तेच लावा."